तोंड रस्त्याकडे

बा, आपल्या दारात आता गाडी आहे. बैलाची नाही, मोटार. तुझ्या नातवाने ठाण्याकडून वापरलेली घेतली. मी चौथीपर्यंतच शिकलो, पुढचं मागं होईल, सांभाळून घे. तो आज गाडी घेऊन जव्हारला गेला आहे आणि मला घरात बसवत नाही, म्हणून ओटीवर हे लिहीत बसलो आहे.

गाडी आली त्या दिवशी सगळा पाडा अंगणात जमला. ज्यांनी कधी सायकल घेतली नाही तेही बोलत होते. "पांढरी कशाला घेतली? आपल्या लाल मातीत चार दिवसांत गेरूची होईल." "जुनी घेतली तेच बरं, नवीला ओरखडा पडला की माणूस जेवत नाय." कोणी म्हणालं, त्यापेक्षा जीप घ्यायची, मोखाड्याच्या बाजाराला माणसं तरी भरता आली असती. पोरगा हसत होता. मी चाकंच बघत होतो. आपल्या घाटात वळणापलीकडे ट्रकचा हॉर्न वाजला की तो माझ्या पोटात वाजतो. पोरगा निघाला की मी सांगतो, "उतारावर गिअर बदलू नको," आणि गिअर कसा बदलतात ते मला ठाऊक नाही. तो म्हणतो, "बाबा, तुम्ही नका येऊ. गाडी सुरू व्हायच्या आधी तुम्हाला चक्कर येते."

मला तुझी बैलगाडी आठवते. तू बाजारातून येतोस, बैल सोडतोस, आणि कितीही दमलेला असलास तरी मोकळी गाडी हाताने फिरवतोस, जू रस्त्याकडे करून ठेवतोस. एकदा मी ती तशीच लावली, जू घराकडे. तू माझ्यावर किती ओरडलास! "लोकांनी काय समजायचं? बैल दमलेत, विचारू नका, असं सांगायचं असलं तरच जू घराकडं करायचं." पाड्यातल्या सगळ्या गाड्यांची हीच रीत होती. आजारी माणूस असो की सासरी निघालेली लेक, लोक जू बघून हाक मारायचे, नाहीतर गुपचूप पुढच्या घरी जायचे. तोंडावर नाही म्हणायची वेळ कोणावर येत नसे.

पोरगा गाडी मांडवात घुसवतो, तोंड भिंतीकडे. इंजिनावर ऊन नको, म्हणतो. मी रोज बघत होतो, पण माझ्या डोक्यात काही आलं नाही. गेल्या आठवड्यात शेजारचा म्हातारा, माझ्याच बरोबरीचा, तापाने फणफणलेल्या बायकोला धरून आपल्या अंगणावरून खाली सडकेवर गेला, जीप बघायला. वाटेत ती बांधावर आडवी झाली म्हणे. तेव्हा पोरगा घरात जेवत होता आणि गाडी दारात होती. आम्हाला कळलं तेव्हा तिला जव्हारच्या दवाखान्यात सलाईन लावलं होतं.

म्हातारा कपडे न्यायला घरी आला तेव्हा मी त्याच्याकडे गेलो. म्हटलं, "अरे, हाक का नाय मारलीस?"

"कशी मारू? तोंड घराकडं होतं."

"ती मोटार आहे रे!"

"मोटार असंल. दार तर तुझ्या बापाचंच ना?" मग पिशवीत लुगडं कोंबत म्हणाला, "माझ्या आयेला दवाखान्यात तुझ्याच बापानं नेलेली. जू बघूनच आलो होतो मी."

मी घरी येऊन पोराला हे सांगितलं, म्हटलं, गाडी फिरवून लाव. तो आधी हसला. "बाबा, मोटारीला मागं पण जाता येतं." पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी बाहेर काढली आणि उलटी मांडवात घ्यायला लागला. मागे मी, "ये, ये, अजून ये," आणि थांब म्हणायला उशीर झाला. मांडवाची मेढ हलली, गाडीला मागून पोचा आला. त्याने उतरून पोचा बघितला आणि गाडी तशीच ठेवली, तोंड रस्त्याकडे. दुपारी म्हातारा पुन्हा आला तेव्हा त्याच्याकडे जाऊन म्हणाला, "काका, काकीला सोडतील तेव्हा सांगा, मी आणतो." म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं नाही, आमच्या मांडवातल्या गाडीकडे बघितलं. म्हणाला, "बरं."

आज सकाळी दोघे तिला आणायला गेले. आता ऊन कलतंय आणि घाटात धुकं उतरलंय. फोन लागत नाही. सून म्हणते, "मामंजी, वळणावर रेंज नसते, चहा घ्या." चहा गार झाला. तुझी गाडी यायला उशीर झाला की आये चुलीतलं लाकूड पुन्हा पुन्हा सारायची. मला वाटायचं, लाकूड ओलं असेल.

बा, हा कागद तुला पोचायचा नाही, म्हणून सांगतो. गाडी फिरवून ठेवायला मीच लावलं आणि उद्याही मीच लावीन, मागे उभा राहून. पण पायवाटेने कोणी वर येताना दिसलं की मनात म्हणतो, पुढे जा बाबा, आमच्याकडे नको.