पिवळं बटण रिकामं ठेवलंय

प्रिय भोंग्या,

आधी घरातल्या एकेकाची खुशाली विचारून घेते, कारण माझी बातमी एकदा सुरू झाली की मला दम धरवणार नाही. माझ्या भावजयीचा गुडघा काय म्हणतो? जिना अजून एकेक पायरी बसून उतरते का? गुडघ्याचा पट्टा सैल झाला असेल तर पाठवून दे म्हणावं, दोन टिपा मारून घट्ट करून देते. सूनबाईचा खोकला गेला का? नातवाचे पुढचे दात आले, की अजून 'स' म्हणताना नुसता वारा सोडतो? तुझा रक्तदाब ताळ्यावर आला असं भावजय म्हणाली, म्हणजे वरून मीठ घ्यायचं सोडलंस असं धरून चालते. आणखी एक चौकशी आहे, पण ती मुद्दाम शेवटाला ठेवली आहे. मी ठणठणीत. चौऱ्याहत्तर संपलं, पण सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात जातो. दुसऱ्या झटक्यात गेला तरी मी पहिलाच म्हणते.

तर बातमी अशी, की मी रिमोट घेतला. हसू नकोस. साधा नव्हे, सगळ्यांचा मिळून एकच. टीव्ही, चॅनेलांचा डबा, डिस्क प्लेअर आणि तू जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर, या चौघांचा कारभार एकट्याने बघणारा. दुकानात त्याला युनिव्हर्सल रिमोट म्हणतात, मी त्याला कारभारी म्हणते. चार दिवस झाले, घरात नवीन सून आल्यासारखी मी त्याच्याभोवती फिरते आहे. शिलाई बाजूला पडली आहे. शेजारच्या नर्सबाईंच्या झग्याची काजं करायची राहिलीत आणि त्या रोज दारातून विचारतात, 'काकू, माझा नंबर रिमोटच्या आधी की नंतर?'

तुला आठवतंच असेल, तुझे भाऊजी गेल्यावर तू एक दिवस हातगाडीभर सामान घेऊन आलास आणि म्हणालास, 'ताई, घर गप्प राहता कामा नये.' दिवाणखान्याच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर, टीव्हीखाली मधला एक, आणि सोफ्यामागे तो दणके देणारा, ज्याला मी ढब्बू म्हणते. अ‍ॅम्प्लिफायर तर तू स्वतः महिनाभर बसून जोडलास. स्पीकरवरचं कापड मी शिवलं. कापड निवडताना तोंडासमोर धरून फुंकर मारायची, फुंकर पार गेली तर आवाज पार जातो, हे तुझ्याकडूनच शिकले. तेव्हा मी विचारलं होतं, अरे, अ‍ॅम्पला आवाज कमी-जास्त करायची खुंटी कुठाय? तू म्हणालास, 'खुंटीचा जमाना गेला, ताई. सगळं रिमोटवर.' आणि मग दर रविवारी सिनेमा बघायचं ठरवून केलेल्या त्या पहिल्या खेळाच्या दिवशी तू लगबगीने निघालास आणि अ‍ॅम्पचा रिमोट तुझ्या शर्टाच्या खिशातून तुझ्या घरी गेला. आठ महिने झाले त्याला. आठ महिने रविवारची तुझी खुर्ची रिकामी आहे, आणि अ‍ॅम्पचा आवाज तू जिथे सोडून गेलास तिथेच अडकून बसलाय. पहिल्यांदा एकटीने चालू केला तेव्हा बशीतला चमचा उडाला. तेव्हापासून अ‍ॅम्प बंदच. टीव्हीच्या पोटातल्या किडकिड्या आवाजावर दिवस ढकलत होते.

रिमोटसाठी मी तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानदाराने एक लांबलचक दांडकं पुढे केलं, त्यावर एकसारखी साठ बटणं. मी म्हटलं, अहो, हा रिमोट आहे की बटणांचा पुठ्ठा? एक सरळ ओळ, ना उंचवटा ना खळगा, बोटाला कळायचं कसं? दुसऱ्याने काच दाखवली. गुळगुळीत, बटणच नाही, नुसती चित्रं. दिसायला गोड, पण दर वेळी डोळे पडद्यावरून काढून हातात बघायचं. सिनेमा बघायचा की रिमोट? त्याने तेच फोनवरही करून देतो म्हटलं. म्हटलं, नको बाबा, मध्येच फोन वाजला तर नायकाचा खून कोणी केला ते राहून जायचं.

तिसऱ्या दुकानातला जाड चष्म्याचा माणूस भला निघाला. त्याने सात रिमोट काउंटरवर मांडले. मी डोळे मिटले आणि एकेक हातात घेऊन बोटं फिरवायला लागले, आपण कापड पारखतो तसं. अंधारात सापडलं तरच ते बटण खरं. त्या भल्या माणसाला वाटलं मला चक्कर आली. खुर्ची काय आणली, पाणी काय आणलं. मी एक डोळा उघडून म्हटलं, अहो, मी शुद्धीवर आहे, तुमचा हा चौथा रिमोट शुद्धीवर नाही, याची बटणं दाबली तरी वर येत नाहीत. मग तो हसला आणि त्याने विचारलं, 'आजी, एकट्याच बघता ना? मग एवढं कशाला लागतं?' मी सांगितलं, एकटी नाही, आम्ही दोघं बघतो. आणि ज्याच्यासाठी घेते आहे तो या धंद्यातला मुरलेला माणूस आहे, त्याच्या हातात भलतंसलतं देऊन चालणार नाही. मग त्याने खालच्या फळीवरून हा काढला. हातात नीट बसणारा, पाठीला कमरेसारखा खळगा, हात लागला की बटणांखाली उजेड, आणि वर चार रंगांची चार मोठी बटणं, ज्यांना आपण सांगू ते काम लावायचं. मी डोळे मिटले, बोटं फिरवली आणि म्हटलं, बांधून द्या.

घरी येऊन पुस्तिका उघडली. मी चौथीपर्यंतच शिकले, पण कपडे बेतायची पुस्तकं आणि मशीनच्या माहितीपुस्तिका वाचून वाचून जे शिकले त्याच्या जोरावर जगातली कुठलीही पुस्तिका उलगडते, अशी माझी खात्री आहे. यात पाठीमागे आकड्यांचे तक्ते असतात. आकडा घालायचा, बंदचं बटण दाबायचं, समोरचं यंत्र बंद पडलं की समजायचं, लागू पडला. टीव्हीने चौथ्याच आकड्याला डोळा मिटला. चॅनेलांच्या डब्याने नवव्याला. डिस्क प्लेअर मात्र हट्टी, एकोणिसाव्या आकड्याला शरण आला, तोवर दुपारचा चहा दोनदा थंड झाला. मग लाल बटणाला मी 'सिनेमा' हे काम लावलं. एकदा दाबलं की आधी टीव्ही, मग प्लेअर, सगळं आपोआप. पहिल्यांदा टीव्ही नुसताच बसून राहिला. दोन तास डोकं लावल्यावर कळलं, टीव्ही अगदी तुझ्या भाऊजींसारखा आहे, उठवल्यावर चार क्षण नुसता बघत बसतो, तेवढ्यात दिलेली पुढची आज्ञा वाया जाते. मी मध्ये पाच सेकंदांचा थांबा घातला. मग लाल बटण दाबलं आणि सगळं एकापाठोपाठ एक असं उजळत गेलं की मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. निळ्या बटणाला अक्षरं लावली आहेत. ते दाबलं की पडद्याखाली प्रत्येकाचं बोलणं लिहून येतं. हिरव्यावर बंद.

राहिलं पिवळं. ते का राहिलं ते सांगते.

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. एका दुपारी मला काय सुचलं कोण जाणे, उशीत भरायच्या कापसाचे दोन बोळे कानात घातले आणि अ‍ॅम्प चालू केला. तू सोडून गेलास त्याच आवाजावर. आणि बसले तुझ्या खुर्चीत. ढब्बूचे दणके छातीत बसत होते, मोटारीचं दार आपटलेलं ऐकू आलं, काच फुटलेली ऐकू आली. पण पडद्यावर एक बाई दारात उभी राहून कुणाला तरी निरोप देत होती आणि तिचं बोलणं काही केल्या येईना. जाड रजईखालून कुणी बोलावं तसं. एवढा मोठा आवाज, आणि त्यात माणूसच नाही. भोंग्या, माझं बोट आपोआप खुर्चीच्या हातावर आवाज वाढवायचं बटण शोधायला लागलं. तेव्हा मी कापूस काढून ठेवला.

त्या पहिल्या खेळाला तुझे दोन जुने माइकवाले दोस्त आले होते, नर्सबाई होत्या, समोरचं बिऱ्हाड होतं. तू आवाज वाढवत होतास आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, 'अरे, बहिरा झालास का? भिंती कोसळतील.' सगळे हसले. तूही हसलास. मग उठलास, 'चहा नको, ताई,' म्हणालास आणि गेलास. मी समजले, कामाची घाई असेल. ज्याचं सगळं आयुष्य आवाज बरा लागतो की नाही हे ठरवण्यात गेलं, त्याला मी त्याच्याच धंद्याच्या माणसांसमोर हे म्हटलं. तू चाळीस वर्षं कुठल्या सभेत, कुठल्या मैदानात, शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून स्पीकरच्या पायाशी उभा राहिलास. ते कान कुठे झिजले हे मला, तुझ्या बहिणीला, कापूस घालून कळावं लागलं.

म्हणून पिवळं बटण. माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं, तेवढंच वेगळं वाढवता येतं, दणके न वाढवता. तसं बटण तुझ्या अ‍ॅम्पच्या रिमोटवर आहे, तू मला एकदा दाखवलं होतंस. पण तुझा अ‍ॅम्प घरी जोडलेला, त्याचा आकडा कुठल्या तक्त्यात नाही. चष्मेवाल्याने सांगितलं की असं असेल तर एकच उपाय, दोन रिमोट टेबलावर नाकासमोर नाक ठेवायचे, जुन्याने एकेक बटण दाबून दाखवायचं आणि नव्याने शिकायचं. म्हणजे त्या जुन्याने इथे यायलाच हवं. पिवळ्यावर मी मखमलीचा इवलासा तुकडा चिकटवला आहे, अंधारात तुझ्या बोटाला सापडावा म्हणून.

आता तू म्हणशील, एवढं होतं तर फोन करायचास. केला होता, सहा वेळा. तू 'हं, हं' करतोस आणि फोन भावजयीकडे देतोस. मला आधी राग यायचा, आता समजतं. आणि हे फोनवर सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं. माफी काही ओरडून मागता येत नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. चुकलं माझं, भोंग्या. थोरली आहे म्हणून तोंड सुटतं आणि मग त्याच्यामागे धावावं लागतं. आता ती मागे ठेवलेली चौकशी करते. तुझे कान कसे आहेत? मी माझे मागच्या आठवड्यात तपासून आले. एका कपाटाएवढ्या खोलीत बसवतात, कानावर डबे लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मला वाटलं पैकीच्या पैकी मिळतील. पण उजव्या कानाला बारीक आवाज येईनासे झालेत, पन्नास वर्षं मशीन खडखडलं ना. मी ते नर्सबाईंसमोर मोठ्याने सांगितलं, कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी दोन माणसांची वेळ धरून ठेवली आहे, एक मी, दुसरा कोण ते तू ठरव. त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार आहे. रिमोट कुरिअरने पाठवू नकोस, पाठवलास तर तसाच परत करीन. शर्टाच्या खिशातून गेलाय, शर्टाच्या खिशातूनच येऊ दे. आवाज किती ठेवायचा ते तू ठरवायचं, मी कापूस हाताशी ठेवते. आणि उत्तर लगेच लिही. मोठं नको, 'येतो, ताई' एवढंच लिहिलंस तरी मी दहादा वाचीन.

तुझीच,
ताई