वाढत्या अंगाचं धनुष्य

सर, तो आकडा तुम्ही वाचला होता.

धनुष्याच्या खालच्या पात्याच्या आतल्या बाजूला तो छापलेला असतो. धनुष्य ओढताना किती पौंडांचा भार येईल ते सांगणारा. खंडेनवमीचा दिवस. श्रीरामपूरला आमच्या घरासमोर बाबांचे दोन्ही टेम्पो धुऊन उभे आहेत, झेंडूच्या माळा घातलेले, आणि पुढच्या टेम्पोच्या बॉनेटवर माझं नवं धनुष्य ठेवलं आहे. धातूची मूठ, काळी चकचकीत पाती, पुढे तोल साधायचा लांब दांडा. बाबांनी ते मला न नेता पुण्याहून आणलं होतं आणि मी दोरीला हात लावण्याआधी आईने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. नारळ फोडायचा मान तुमचा. तुम्ही वाकलात, पात्यावरचं कुंकू अंगठ्याने पुसलंत. चौतीस. शाळेत मी अठरा पौंडांचं धनुष्य ओढत होते, तेही नुकतंच जमायला लागलेलं. "वाढत्या अंगाची पोर हाय सर," बाबा म्हणाले. "आज जड वाटंल. दोन वर्षांत बसंल अंगाला." आमच्या घरात गणवेश, चपला, स्वेटर सगळं असंच यायचं. बाही दुमडता येते, चपलेत कापूस कोंबता येतो. तुम्ही बाबांकडे पाहिलंत, मग टेम्पोकडे. "बसेल," म्हणालात, आणि नारळ फोडलात.

इतरांना तुम्ही काय सांगत होतात ते मला पाठ आहे, कारण आज मी तेच सांगते. पहिलं धनुष्य साधं घ्या. लाकडी मूठ, स्क्रूने बसणारी पाती. अंगात जोर आला की पाती बदला, मूठ तीच राहू द्या. बाण टेकायला चिकटवायचा प्लास्टिकचा तुकडा पुरतो. बाण मात्र हाताच्या मापापेक्षा लांब घ्या, आखूड बाण मागे घसरला तर हातात शिरतो. बोटांना चामडं, हाताला पट्टा, बास. पालकसभेत एक आई म्हणाली, "सर, स्वस्तातलं घेऊन पोरगी मागं नाय ना पडायची?" तुम्ही म्हणालात, "ताई, पोरगी मागं पडते ती जड धनुष्यानं." आणि तुमची ती परीक्षा. दोरी हनुवटीपर्यंत ओढून धरायची आणि नाव, गाव, तालुका, जिल्हा म्हणायचा. आवाज हलला तर धनुष्य जड. एखादा पोरगा गावापर्यंत पोचून लटपटायचा. "याचा तालुका बुडाला," तुम्ही म्हणायचात, आणि त्याच्या हातातलं धनुष्य काढून हलकं द्यायचात. दसऱ्यानंतर मी माझं नवं धनुष्य घेऊन मैदानावर आले. मला तुम्ही नाव-गाव विचारलं नाहीत.

विचारलं असतंत तर सगळ्यांसमोर कळलं असतं. त्याऐवजी तुम्ही माझ्या मागे उभे राहिलात आणि म्हणालात, "खांदा खाली." दुसऱ्या दिवशीही तेच. वर्षानुवर्षं तेच. एकदा सगळ्या मुलांना थांबवून म्हणालात, "हिच्याकडे बघा. असा खांदा उचलायचा नसतो. हिचं लक्षच नाही." माझं लक्ष होतं, सर. चौतीस पौंड ओढताना तेरा वर्षांच्या मुलीचा खांदा वर जातोच. तुम्हाला ते ठाऊक होतं आणि तुम्ही मला लक्ष नाही म्हणालात. मी घरी आरशासमोर रिकाम्या हाताने दोरी ओढल्यासारखं करायचे, खांदा खाली ठेवून. आई रात्री तेल चोळायची. बाबांचा टेम्पो आम्हा सगळ्यांना स्पर्धांना घेऊन जायचा, डिझेलसुद्धा न मागता. टेम्पो नसता तर निम्मी मुलं शाळेच्या फाटकाबाहेर गेली नसती. हा हिशेब मला समजतो. तो माझ्या खांद्यावर केला गेला. निवड चाचणीच्या दिवशी खांद्याच्या आत काहीतरी फाटलं, आणि अजूनही वेणी घालायला उजवा हात वर जात नाही. तुमच्या दहाव्याला एकजण उठून म्हणाला, सरांनी कधी कुणाचं मन मोडलं नाही. माना हलल्या. मी उठून चपला शोधायला लागले.

आता सावेडीत एका मोकळ्या प्लॉटवर मी मुलांना शिकवते. पारनेरकडची एक मुलगी पावसाळ्यापासून येत होती, वर्गाचं हलकं लाकडी धनुष्य वापरत होती. बाण सुटल्यावरही ती हलत नाही. असं मूल क्वचित येतं. परवा तिचे वडील मोटरसायकलवरून खोकं घेऊन आले. छत्तीस पौंड. मुठीवर कुंकू.

मी तिला धनुष्य ओढायला लावलं. म्हटलं, नाव सांग, गाव सांग. गावालाच आवाज हलला.

"हे परत करा," मी म्हणाले.

"परत कसं करता मॅडम? पूजा झाली. हिच्या मामानं स्टेटसला ठेवलंय. सगळ्या गावानं बघितलं."

"मामाला ओढायला द्या मग. तिचा खांदा जाईल."

"वाढत्या अंगाची हाय ती."

"खांदा वाढेपर्यंत थांबत नाही. माझा थांबला नाही."

त्यांनी तिच्या हातातलं धनुष्य काढून घेतलं. "तुमाला शिकवायचं नसंल तर तसं सांगा. आमी गरीब म्हणून हलकंच वापरावं, असं हाय का?" मुलगी खाली बघत होती. ते तिला घेऊन गेले. दोघांच्या मधे धनुष्य उभं धरलेलं होतं आणि ती मागे वळली नाही. काल आली नाही. आज आली नाही. फोन उचलत नाहीत.

मी खरं ते बोलले, लगेच बोलले, भीड धरली नाही. मग तुम्हाला लिहायला बसले, कारण मला वाटलं आता तुमच्यावर मनसोक्त रागावता येईल. तसं झालं नाही. माझ्या बाबांना तुम्ही त्या दिवशी हेच सांगितलं असतं, तर त्यांनी मला मैदानावरून उचलून नेलं असतं आणि पुन्हा पाठवलं नसतं. मी त्यांना ओळखते. तुम्ही तेव्हा माझा विचार केलात की नुसता टेम्पोचा, हे मला कधीच कळणार नाही, आणि खांदा दोन्ही प्रकारे दुखतोच. राग आहे. तो मी सोडणार नाही. पण आज संध्याकाळी निशाणं आवरताना माझ्या मनात आलं, की मी आठवडाभर गप्प बसले असते तर ती आली असती.

हे पत्र कुणाच्या हाती द्यायचं असतं, तर हे शेवटचं मी लिहिलं नसतं.