पेटी परत मिळणार नाही

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? मामी म्हणते दुखतात. पण मला झाडणारं चार पानी पत्र तुम्ही सलग तीन तास मांडी घालून लिहिलंत म्हणे, तेव्हा तब्येत उत्तम असणार. मीही ठणठणीत आहे. तुमचं पत्र मी आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. पेटी परत पाठवणार नाही. अकराव्या वर्षी तुम्ही ती माझ्या हातात दिलीत, तेव्हा हिच्यावर अमुकच वाजव अशी अट नव्हती. तिच्या पोटात मी माइक बसवला, पायाखालच्या खटक्याने तिचा आवाज घुमवते, बाबांच्या मुलखातल्या चाली आईच्या भाषेत गाते, सगळं कबूल. ‘भेसळ’ हा शब्द मात्र मागे घ्या. माझी आई तुमची सख्खी बहीण आणि बाबा समुद्रापलीकडचे. भेसळीची तक्रार असेल तर ती त्यांच्या लग्नातच करायची होती. (तिथे तुम्ही दोनदा जेवलात, असं आई सांगते.)

आता त्या मेळाव्याचं. कोणीतरी तुम्हाला फोनवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा दाखवला आणि भाची रस्त्यात बसून वाजवते असा तुमचा समज झाला. रस्ता नव्हे, पॅसेज. झालं असं, की अर्जावर तीन चौकटी होत्या: पारंपरिक, आधुनिक, परदेशी. एकीवरच खूण करा, असं खाली बारीक अक्षरात होतं. मी तिन्हींवर केली. (अर्जात खोटं लिहू नये हे तुम्हीच शिकवलंत.) संयोजकबाईंनी, कटकट नको म्हणून, माझं नाव तिन्ही दालनांच्या यादीत घातलं आणि तिन्हीकडे वेळ दिली सकाळी अकराची. चूक दाखवली तर म्हणाल्या, “एक दालन निवडा, बाकी दोन ठिकाणी आजारी आहात म्हणून सांगते.” मामा, माझं डोकंच फिरलं. जन्मभर मी हेच करत आले. तुमच्याकडे आले की बाबांचं गाणं आजारी, त्यांच्या माणसांत गेले की तुमचं. सांगितलं, मी कुठेच आजारी पडणार नाही. तिन्ही दारं ज्या पॅसेजात उघडतात, तिथे सतरंजी टाकली आणि बसले.

माझा ट्रम्पेटवाला एरवी बस चालवतो, त्यामुळे अरुंद जागेची त्याला भीती नाही. ड्रमवाली दातांची डॉक्टर. कोण ओरडतंय याकडे ती लक्षच देत नाही. शेजारचा पाण्याचा कूलर काळी दोनमध्ये घुमत होता आणि तो बंद करायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मी तीच पट्टी धरली. (कूलरने शेवटपर्यंत सूर सोडला नाही. तुमच्या सगळ्याच शिष्यांबद्दल असं म्हणता येणार नाही.) दुसऱ्या गाण्याला तिन्ही दारं उघडली. पारंपरिक दालनातले एक बुजुर्ग गवई आम्हाला गप्प करायला तणतणत आले, ते चौथ्या गाण्यापर्यंत तसेच उभे, आणि मग खिडकीच्या कट्ट्यावर टेकून मान हलवायला लागले. आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता अडतोय, असं पहारेकरी सारखा बजावत होता. ट्रम्पेटवाल्याने त्याला शब्द दिला की आग लागली तर सगळ्यांत आधी आम्हीच पळू. टाळ्यांसाठी लोकांनी वर केलेले हात खाली घ्यायला जागा उरली नव्हती. शेवटी संयोजकबाईंनीच पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला मोठं दालन दिलं, अख्खी संध्याकाळ, आणि चौकटीचं नाव काढलं नाही. तेव्हा तुम्ही कितीही पानं लिहा, मी अशीच वाजवणार, आणि याच पेटीवर.

मामीला नमस्कार.

तुमचीच हट्टी भाची

ता.क. पेटी सुखरूप आहे.

ता.क. २. म्हणजे बरीचशी सुखरूप आहे. त्या गर्दीत शेवटच्या गाण्याला गवईबुवा दाद द्यायला पुढे आले आणि त्यांचा पाय थेट भात्यावर पडला. भाता फाटला, दोन सूर मुके झाले. इथल्या दुरुस्तीवाल्याने पेटी उघडली, आतले सूर पाहिले आणि लगेच बंद केली. म्हणाला, “हे ज्याने हाताने घासलेत त्यालाच बोलवा, मी बोट लावणार नाही.” ते हात तुमचेच, मामा. दुसरी पेटी आणून वाजवता येईल, सगळे तेच सांगतात. मला नाही येणार. रडू येतं. वीस तारखेच्या आत याल का? गुडघ्यांसाठी खालच्या मजल्यावरची खोली रिकामी करून ठेवली आहे.

ता.क. ३. आलात तर दुरुस्ती करून तसेच परत फिरू नका. माझं हे गाणं तुम्ही आजवर एकदाही समोर बसून ऐकलेलं नाही. वीसला पहिल्या रांगेत बसा, शेवटपर्यंत बसा. त्यानंतरही पेटी घेऊन जावीशी वाटली, तर मी स्वतः ती उचलून तुमच्या गाडीपर्यंत आणून देईन.