निळी तार

इंदापूर, माघातला गुरुवार, १९५७

वडिलांच्या हातोडीची टणटण आज सारखी कानात आहे. शाळेतल्या कविता मी त्याच ठेक्यावर पाठ केल्या.

माझ्या शांतीचे कान सोन्यानंही चिघळतात. बारामतीला सासू तिला 'लंकेची पार्वती' म्हणून हिणवते. भाच्यानं विमानांच्या कारखान्यातून टायटॅनियमची तार आणली. म्हणाला, "मामा, ही अंगाला बाधत न्हाय." पण ती मुशीत वितळत नाही, सांधायला डाख धरत नाही, वाकवली तर उसळून सरळ होते. तापवली की नुसती निळी, मोराच्या मानेसारखी. लेकीसाठी साधी बाळी घडवता येईना, मग मी कसला सोनार? आणि बाळीच नाही, तर ती निळाई तरी कुणासाठी?

कडी वाजतेय. या वेळी कोण?

"आबा, उघडा. मी शांती. आता तिकडं न्हाय जायची."