बेट कोणाच्या हद्दीत

२ डिसेंबर १९९६, सकाळ.
आजपासून रोजनिशी. निश्चय पक्का. कॉलेज मी सोडलं, कॉलेजनं मला न्हाई, हे एकदा लेखी असावं. भूगोलाच्या सरांनी हजेरीवरून टोकलं, मी उठलो, जालन्याहून सरळ घनसावंगीची एसटी धरली. पण नद्यांवरून देशांच्या सीमा कशा आखतात, तो धडा तोवर झाल्ता. हुशार माणसाला एक धडा बस.

परिस्थिती अशी. गोदावरीच्या या काठाला आमचं गाव, जालना जिल्हा. त्या काठाला नंदाचं गाव, बीड जिल्हा. मधात वाळूचं बेट. पाणी उतरलं की बेटावर आमच्या गावाच्या टरबुजाच्या वाड्या. मागल्या साली तिथं आमच्याच गावच्या भुजंगनं वाडी केल्ती. घोट्याएवढ्या पाण्यापलीकडं नंदाच्या बापाची, पुंजाराममामांची. नंदा बापाला भाकरी आणायची आणि शेजारी म्हणून भुजंगला ठेचा द्यायची. मी तेव्हा जालन्यात मेसची आमटी पीत होतो.

४ डिसेंबर.
नंदा धुणं धुवायला आल्ती. मी या काठाला उभा. तिनं मान वर करून पाहिलं. पुन्हा पाहिलं. माझ्यामागं आमची म्हैस पाण्यात उतरत होती हे खरं, पण म्हशीकडं कोणी दोनदा पाहत न्हाई.
तेवढ्यात तिची बादली वाहून चालली. भुजंग पोहत गेला, बादली धरून दिली, वर हसला. याला दात फार. बादली त्यानंच सोडली असणार. काठावरून कशी सोडली ते शोधायचं आहे.

५ डिसेंबर, दुपार.
इलाज सापडला!
दर साली दोन्ही गावची जुनी माणसं दोराला दोर बांधून नदीवर आडवा धरतात, निम्म्यावर एरंडाची काठी रोवतात. काठीच्या अलीकडं आपलं, पलीकडं त्यांचं. बेट नेहमी आपल्याकडं. हे बिलकुल अडाणी काम. जगाचा नियम असा की ज्या नदीत होड्या चालतात तिथं सीमा निम्म्यातून न्हाई, सगळ्यात खोल धारेतून जाते. खोल धार कुठं? बेटाच्या अलीकडं, आपल्या काठाला. म्हणजे बेट बीड जिल्ह्याचं. म्हणजे भुजंग बेटावरून बाद.
आमची वाडी पण जाते. प्रेमात एवढा खर्चा होतोच. बाबांना हळूच सांगू.

८ डिसेंबर.
वाळूत बैठक झाली. मी उभा राहून बोललो. अमेरिका, मेक्सिको, सगळं काढलं. अण्णासाहेब आमच्याकडचे सगळ्यात जुने. ते म्हणले, आरं पण आपल्या नदीत होड्या कुठं हायेत? मी म्हणलो, काहील. ते म्हणले, ती तर गूळ शिजवायची काहील! मी म्हणलो, मंग पुरात बाळंतिणीला कशात बसवून नेता?
पुंजाराममामा म्हणले, पोरगं लई शिकलेलं दिसतंय. (सासरा म्हणून बराबर माणूस.) बाबा म्हणले, शिकलेलं न्हाई, पाक व्हायच्या आधीच चुलीवरून उतरलेलं हाये. लोक हसले. भुजंग सगळ्यात जास्त. दात.
ठरलं, की काहील होडीसारखी चालते ते मी दाखवायचं आणि धार मापायची.

१० डिसेंबर.
काहील चालली. जरा गोल गोल चालली. वल्हं डावीकडं मारलं की ती उजवीकडं फिरते, उजवीकडं मारलं की डावीकडं, आणि पुढं जाणं हे तिच्या स्वभावातच न्हाई. पुस्तकात हे दिलेलं नव्हतं. पलीकडच्या काठाला नंदा तोंडाला पदर लावून होती. काळजीनं.
शेवटी भुजंगनं पोहत येऊन काहील ओढली. मंग बांबू पण त्यानंच धरला. आपल्या काठाला बांबू बुडाला, पलीकडं गुडघाभर. स्वतःचा खड्डा गडी स्वतः मापून राह्यला! मला हसू आवरेना. वर मलाच विचारतो, इंद्रभान, म्हणजे बेट आता तिकडच्याच माणसानं करायचं? मी म्हणलो, बिलकुल. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा बिलकुल.

११ डिसेंबर.
अण्णासाहेबांची वाडी बेटावर न्हाईच. ते म्हणले, दरसालच्या भांडणापेक्षा जाऊ द्या. बेट गेलं. विजय.
मायनं आज भाकरी वाढली न्हाई, ताटात टाकली. बाबा घरात असून मला निरोप म्हशीमार्फत देतात. म्हशीला म्हणतात, शाहण्याला म्हणावं आता टरबूज अमेरिकेत लाव.

६ जानेवारी १९९७.
घात!
बेट मोठं, पुंजाराममामा एकटे. त्यांनी बटईनं, म्हणजे पिकातल्या वाट्यावर, माणूस ठेवला. भुजंग.
तडक पलीकडं गेलो. हा परका आहे, जालना जिल्ह्याचा, असं म्हणलो. मामा म्हणले, बाबा, तूच म्हणला ना तिकडच्याच माणसानं करायचं? म्हणून तो आता आमच्याच गोठ्यापाशी राह्यला आलाय. बस, च्या घे. च्या नंदानं आणला. मला कपात, त्याला गिलासात. गिलास मोठा असतो.
रागानं कप उलटा ठेवला. चटका बसला.

१५ फेब्रुवारी.
नियमात बारकावा आहे. नदी हळूहळू सरकली तर सीमा तिच्यासंग सरकते. एकदम उडी मारली तर सीमा जुन्याच जागी राहते. नंदाचं तसंच आहे. तिनं एकदम उडी मारली, म्हणून कायद्यानं ती अजून माझ्याकडंच.
ठेच्यासोबत आता दही पण.
मी आमच्या काठाखाली, धारेला लागून नवी वाडी केली. तिथून बेट साफ दिसतं. बाबा म्हणले (म्हशीला), तिथं कोणी लावत न्हाई. लावत न्हाईत कारण हिंमत न्हाई.

२० मार्च.
धरणातून पाणी सुटलं. मी काठावर नाचलो. आता धार जागा बदलणार, बेट परत येणार, भुजंग उपाशी.
संध्याकाळ. बेट जागेवर. धार जागेवर. वाडी एकच वाहून गेली. कोणाची ते लिहीत न्हाई.
भुजंगनं पाण्यात शिरून माझे चार वेल वाचवून आणून दिले. या माणसाला दुसऱ्याला नीट दुखवता पण येत न्हाई. कशाच्या जोरावर द्वेष करायचा याचा?

९ मे.
पुंजाराममामा काहिलीतून आमच्या घरी आल्ते. काहील सरळ आली. नंदा-भुजंगच्या लग्नाची पत्रिका दिली, एक मोठं टरबूज दिलं. बाबांना म्हणले, दाजी, तुमच्या पोरानं काठी हलवली म्हणून आमचं घर वसलं. मला तर पोरगाच मिळाला.
मागं नंदा उभी होती. पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणली, इंद्रभानदादा, लग्नाला तुमची ती म्हैस पण आणा, लई गुणाची हाये. मी तिकडून तिलाच बघायची.
गेल्या दोघी, म्हणजे ती आणि काहील. बाबा पाच महिन्यांनी सरळ माझ्याशी बोलले. म्हणले, इळा आण.
मी ठरवलं होतं की त्या बेटाचं टरबूज आयुष्यात तोंडात घालणार न्हाई.
गोड होतं.