नुसते रिगार्ड्स

५ फेब्रुवारी २००७
मॅनेजर हिंदुराव मार्चअखेर रिटायर होणार. आज जाहीर झालं. आमच्या बिबवेवाडीच्या खोक्यांच्या कारखान्यात त्या खुर्चीला लायक माणूस एकच आहे आणि तो आत्ता ही रोजनिशी लिहितोय. पण नुसती लायकी असून भागत नाही, दिसावी लागते. गेल्या महिन्यात मालक सर्जेरावांनी ऑफिसात सगळ्यांना ईमेल दिला. म्हणजे यापुढे माणूस ईमेलवरून जोखला जाणार. अप्पा बळवंत चौकातून बिझनेस ईमेलवरचं पुस्तक आणलं. टोनचे सात प्रकार दिलेत. आमच्या ऑफिसात अर्धासुद्धा कुणाला ठाऊक नाही.
संकल्प: रोज एक वजनदार ईमेल.

७ फेब्रुवारी
पुठ्ठ्याच्या ऑर्डरबद्दल अकाउंट्सच्या नसीमबानूंना ईमेल. चार परिच्छेद. टोन नंबर दोन: नम्र पण ठाम. उत्तर आलं, 'ओके. रिगार्ड्स.'
वॉर्म नाही, काइंड नाही, बेस्टसुद्धा नाही. नुसते रिगार्ड्स! दुपारी हसून विचारत होत्या, श्रीधरराव, डब्यात काय आज? तोंडावर एवढी गोड आणि लिहिताना एवढी थंड. बाईंचा डोळा खुर्चीवर आहे. आता खात्रीच.

९ फेब्रुवारी
डिस्पॅचचा संपत म्हणाला, ईमेल लिहायला शिकवा. बिचारा माझ्याच वयाचा, पण टोनच्या नावाने शून्य. त्याला माझा खास मंत्र दिला. तक्रार करायची असेल तर सुरुवात 'विथ ड्यू रिस्पेक्ट अँड डीप पेन' अशी करायची. मग खाली कुणाची कितीही सालटी काढा, लिहिणारा सज्जनच ठरतो. संपतने दोनदा वाचून पाठ केलं. फार भाबडा माणूस.

१२ फेब्रुवारी
लक्षात आलेली गोष्ट. रोज सकाळच्या चहाला नसीमबानू कागद घेऊन मालकांच्या केबिनमध्ये जातात. दार बंद. आतून मालकांच्या हसण्याचा आवाज येतो. अकाउंट्समध्ये हसण्यासारखं काय असतं?

१३ फेब्रुवारी
खोक्याचं सँपल दाखवायच्या निमित्ताने केबिनमध्ये शिरलो. संशयास्पद काही नाही. टेबलावरच्या कॉम्प्युटरला अजून प्लॅस्टिकचं कव्हर तसंच आहे. किती नीटनेटका माणूस!

१५ फेब्रुवारी
मालकांना थेट ईमेल. सब्जेक्ट: स्ट्रिक्टली कॉन्फिडेन्शियल. आत लिहिलं, विथ ड्यू रिस्पेक्ट अँड डीप पेन, नसीमबानू सगळ्यांच्या आधी ऑफिसात येतात. का येतात? सप्लायरचे फोन स्वतः घेतात. कुठली फाइल कुठल्या कपाटात आहे हे त्यांनाच ठाऊक. एवढी सत्ता एका हातात बरी नव्हे.

१६ फेब्रुवारी
मालकांचं उत्तर! 'नोटेड. कंटिन्यू.'
काय स्टाइल आहे! दोन शब्द, पण वजन बघा. नसीमबानूंचेही दोनच शब्द असतात, पण त्यात तुसडेपणा. हा फरक पुस्तकाने कळत नाही, रक्तातच असावा लागतो.
रात्री जेवताना विजयमालाला प्रिंट दाखवली. तिने विचारलं, अहो, पण मालकांना इंग्रजी येतं का? मोठ्या माणसांविषयी असलं काही विचारायचं नसतं, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, बरं, भात वाढू का?

२ मार्च
आतापर्यंत बरेच कॉन्फिडेन्शियल गेले. सगळ्यांना 'नोटेड'. मालक आणि मी आता एका विचाराचे झालो आहोत. समोरासमोर ते काही बोलत नाहीत, नुसते बघून मिशीतल्या मिशीत हसतात. गुप्तता म्हणजे गुप्तता.

६ मार्च
धोका! नसीमबानू माझ्या टेबलाशी आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, श्रीधरराव, एक सांगू का, मालकांना मेल करताना जरा विचार करून लिहीत जा. माझ्याविषयी काही असेल तर मला तोंडावर सांगा, मी रागावणार नाही.
मी मालकांना लिहितो हे यांना कसं कळलं? माझा ईमेल फोडतात, दुसरं काय! आणि वर धमकी. ताबडतोब पासवर्ड बदलला आणि मालकांना कळवलं की बाई दुसऱ्यांची पत्रं वाचतात, पुरावा लवकरच देतो.

७ मार्च
मालकांचं उत्तर: 'नोटेड. प्लीज बी ब्रीफ.' म्हणजे त्यांनाही धोका जाणवलाय. माझ्या काळजीपोटीच लिहिलं असणार.
संध्याकाळी नवा पासवर्ड विसरलो. नसीमबानूंनी ईमेल कंपनीच्या माणसाला फोन लावून दुसरा मिळवून दिला. म्हणजे तिथेही यांचे हात पोचलेत.

१४ मार्च
घरी पाहुणे होते म्हणून दोन दिवस मालकांना लिहायला जमलं नाही. आज चहा देणाऱ्या तुळजाबाई म्हणाल्या, सायेब, तुमचं काय आलं न्हाई व्हय? मालक दोनदा इचारत व्हते. कुरियरचं म्हणत असाव्यात. सोमवारी येईल म्हणून सांगितलं. त्या पदराआड हसल्या. ही बाईसुद्धा त्यांच्या गटात दिसते.

२४ मार्च
अंतिम ईमेल आज पाठवला. टोन नंबर सात: निर्णायक. मुद्दे थोडक्यात: खडकीचं आपलं मोठं गिऱ्हाईक माझ्याशी बोलायला तयार नाही, फोनवर नसीमबानूच हव्यात म्हणतं. मशीन बंद पडलं तर बाई रविवारीसुद्धा मेकॅनिक शोधून आणतात. चुकीचं बिल कुणाचंही असो, परत करतात, खुद्द मालकांच्या पुतण्याचंसुद्धा केलं. शेवटचं वाक्य फार जमलंय: 'अशी बाई मॅनेजर झाली, तर या कारखान्यात कुणाला आळस करायची सोय उरणार नाही.'
उत्तर बऱ्याच उशिराने आलं. 'नोटेड.' नुसतंच. मालकांचं मन भरून आलं असणार.
विजयमालाला निळा शर्ट इस्त्रीला द्यायला सांगितलं.

३१ मार्च
निळा शर्ट घातला होता.
हिंदुरावांना नारळ-शाल झाल्यावर मालक उभे राहिले. म्हणाले, म्यानेजर कोण करायचा म्हणून मी आधी नसीमबानूंनाच इचारलं. तर त्या म्हनल्या, घरी सासूबाई आजारी हाय, मला झेपायचं न्हाई, श्रीधररावांना करा, मानूस कामाचा हाय. माझं ठरलंच होतं. पन मग श्रीधररावांची पत्रं यायला लागली. मला विंग्रजी कुठं येतंय? बाईच रोज वाचून मराठीत सांगायच्या. सोत्ताच्या तक्रारी, पन एक शबूद गाळला न्हाई. आवाजसुदिक हलला न्हाई. एवढं सगळं काम ही बाई करती हे मला म्हाईतच नव्हतं. श्रीधररावांनी माझं डोळं उघडलं. मग मीच हट्ट धरला, सासूबाईंसाठी दुपारी घरी जात जावा, पन खुर्चीवर तुमीच बसा.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बऱ्याचशा माझ्याकडे बघून. नसीमबानूंनी पेढा दिला. मी तो खाल्ला. कुठे बघावं कळत नव्हतं. रडू येईल की काय अशी भीती वाटली.
ती दोन शब्दांची उत्तरं कुणी टाइप केली, हे विचारायची गरज पडली नाही.
घरी विजयमालाने शर्ट धुवायला टाकला.

२ एप्रिल
मन मोठं करून मॅडमना अभिनंदनाचा ईमेल. तीन मसुदे फाडले. पहिला फार गोड, दुसरा फार ताठ, तिसऱ्यात 'डीप पेन' आलं होतं. शेवटी एका ओळीचा पाठवला.
उत्तर: 'थँक्स. मला आता वेळ होत नाही, उद्यापासून मालकांची मेल तुम्ही वाचून दाखवा. वॉर्म रिगार्ड्स.'
वॉर्म! अचानक वॉर्म का? यात काय डाव असेल? पण एक नक्की. मालकांचा कान आता माझ्या ताब्यात आला. खुर्ची गेली तरी हे काही कमी नाही. ऑफिसातलं सगळं गुपित यापुढे माझ्या हातून जाणार.

३ एप्रिल
सकाळी चहाला केबिनमध्ये गेलो. दार बंद केलं. कव्हर घातलेल्या कॉम्प्युटरसमोर बसलो. मेल एकच होती, प्रिंट काढून नेली होती. घाईत वाचायची राहिली. सब्जेक्ट: स्ट्रिक्टली कॉन्फिडेन्शियल. पाठवणारा संपत. माझ्याविषयी.
'विथ ड्यू रिस्पेक्ट अँड डीप पेन' इथवर वाचून थांबलो. मालक म्हणाले, वाचा की, थांबला कशापायी? आन मराठीत सांगा.
सांगितलं. मी दिवसभर ईमेलच लिहीत बसतो, डिस्पॅचचे कागद माझ्या टेबलावर आठ-आठ दिवस पडून राहतात, फोन वाजला की मी पाणी प्यायला उठतो. एक शब्द गाळला नाही. गाळणार कसा, प्रिंट मालकांच्या समोरच होती आणि तुळजाबाई चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. आवाज मात्र हलला.
मालक पोटभर हसले. म्हणाले, उत्तर टाका, बाई टाकायच्या तसंच.
टेबलाशी येऊन टाइप केलं: नोटेड. कंटिन्यू.