एक पॉइंट सात

४ सप्टेंबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तुझ्याकडे सगळं ठीकच असणार, नसतं तर तू आधीच चार पानं पाठवली असतीस. म्हणून विचारपूस मागाहून करते, आधी माझं ऐक.

नात झाली. दिवस भरायच्या बरंच आधी झाली, म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवलंय. अंगावरची कातडी इतकी सैल, की बेतणाऱ्याने दोन मापं मोठी बेतलीय असं वाटावं. मला उठून नीट शिवावीशी वाटते. आवाज मात्र तुझ्यावर गेलाय. बारीक, पण धरला की सोडत नाही.

तिची काळजी आहेच, पण तिच्यापेक्षा लेकीची जास्त आहे. टाके सुकत आले, नर्सबाई चालायला सांगतात, आणि ही भिंतीकडे तोंड करून पडून राहते. दूध काढून वाटी माझ्या हातात देते, पण बाळाला बघायला येत नाही. पहिलं बाळ चौथ्या दिवशी गेलं, तेव्हा हिने त्याला डोळे भरून पाहिलं होतं, त्याच्या वजनाचा रोजचा आकडा पाठ केला होता. या खेपेला मला म्हणाली, आकडा सांगू नकोस, मला आकडे नकोत. चढलं का उतरलं तेवढंच सांग. सारखं चढत राहिलं तर मी बघायला येईन. दुसऱ्या कुणाचं ती ऐकत नाही. तिचा नवरा सांगायला गेला तर त्यालाही गप्प केलं. म्हणते, आईला गोड बोलता येत नाही, म्हणून तिचंच खरं.

आणि इथेच गाडं अडलंय. पेटीच्या खोलीबाहेर फळा आहे, त्यावर वजन लिहितात. आधी होतं १.५८. पुढच्या खेपेला लिहिलं १.६. कुठे अठ्ठावन्न आणि कुठे सहा. मग झालं १.६५, जरा जिवात जीव आला. आज बघते तर १.७. पोर आहे का झोपाळा? मी लेकीला जसं दिसलं तसं सांगितलं, उतरलं, चढलं, उतरलं. आज ऐकल्यावर तिने वाटी माझ्या हातात दिली नाही, खाटेच्या कडेला ठेवून दिली.

नर्सबाईंना विचारलं तर म्हणाल्या, वाढतंय की, काळजी करू नका. मी म्हटलं, पासष्टापेक्षा सात जास्त कधीपासून झाले? त्या घाईत, मी तापलेली. दोन शब्द जास्तच गेले माझ्या तोंडून. पण मागच्या खेपेलाही सगळे हेच म्हणत होते, काळजी करू नका.

तू मास्तरीण आहेस. हे टिंबाचं काय प्रकरण आहे ते सांग. तू जन्मलीस आणि तुला कडेवर घ्यायला कुणी हवं म्हणून मला चौथीतून उठवलं. दशांश पाचवीत असतात म्हणे. तेव्हा ते मला शिकवणं तुझ्याकडेच लागतं. फोन करू नकोस. मी खाटेशेजारी असते, लेक सगळं ऐकते, आणि तू तर घंटा झाली की माझं बोलणं अर्ध्यात तोडतेस.

लोभ आहे तेवढा पुरे, उत्तर लवकर पाठव.

तुझी ताई


८ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. मधल्या सुट्टीत तुझं पत्र उभ्याने वाचायला घेतलं आणि वाचता वाचता मुलांच्या बाकावर बसले. ताई, नात उतरत नाहीये. एकदाही उतरलेली नाही. चढतेच आहे.

टिंबाच्या पुढे कुठे एक आकडा असतो, कुठे दोन. तेव्हा जिथे कमी असेल तिथे शेवटी शून्य लावून दोन्ही सारखे करून घ्यायचे. १.७ म्हणजे १.७०. आता पासष्ट आणि सत्तर शेजारी ठेवून बघ. १.६ म्हणजे १.६०, ते अठ्ठावन्नापेक्षा जास्तच. एवढं वाचून झालं की पत्र खाली ठेव आणि लेकीला जाऊन सांग. बाकीचं नंतर वाच.

सांगून आलीस ना? तर हसू आलं नाही मला, घाबरायला झालं. माझ्या वर्गातली मुलंही आधी हेच करत होती. मग मी शून्याचा नियम दिला, उत्तरं बरोबर यायला लागली, फळा पुसला आणि पुढच्या धड्याला लागले.

मला कडेवर घेऊन फिरल्याचं तू वर्षातून चारदा काढतेस. आणखी काढ. मला ऐकायला आवडतं, आणि ते खरंही आहे.

नर्सबाईंशी भांडू नकोस. माझ्याशी भांड, आणि लोभ मात्र होता तितकाच ठेव.

तुझी धाकटी


१२ सप्टेंबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद. पत्र मिळालं. पत्र खाली ठेवलं, पण लेकीला सांगितलं नाही.

हे शून्य तू आणलंस कुठून? फळ्यावर तर नव्हतं. सातापुढे शून्य लावलं की सत्तर होतात हे तूच म्हणतेस, आणि वर म्हणतेस वजन तेवढंच राहिलं. गिऱ्हाइकाने सात वार कापड मागितलं आणि मी शून्य लावून सत्तर वार फाडलं, तर मालक मला मशीनसकट रस्त्यावर बसवेल. तू तिकडे बसल्याबसल्या शून्यं लावून माझ्या नातीला वजन चढवणार असशील, तर ते मला नको.

परवा फळ्यावर होतं १.७४, आज १.८. तुझ्या हिशेबाने चढली, माझ्या डोळ्यांना उतरली. लेकीने विचारलं तेव्हा काय सांगू? म्हटलं, फळा पुसलेला होता. खोटं बोलायची मला सवय नाही, ते माझ्या तोंडावर लगेच दिसतं. तिने पाय पोटाशी घेतले आणि भिंतीकडे वळली.

तुझ्यावर विश्वास नाही असं समजू नकोस. पण ती तुझ्यावर विसंबलेली नाही, माझ्यावर विसंबलीय. जे माझ्याच डोक्यात शिरलेलं नाही ते खरं आहे म्हणून तिला कसं सांगू? ती डोळ्यांत बघून ऐकते. समजा मी चढलं म्हटलं, ती उठून गेली, त्या काचेत हात घातला आणि मग कळलं की शून्य आपलं उगाच होतं? दुसऱ्यांदा ती उठायची नाही.

मला पटव. नियम नको. नियम पाळून मी आयुष्यभर बाह्या लावल्या, पण बाही का बसते ते कापड हातात घेतल्यावरच कळलं. हातात धरता येईल असं काहीतरी सांग. लवकर सांग, तिचं दूधही कमी व्हायला लागलंय.

लोभ जपून ठेवलाय, तो उत्तर आल्यावर.

ताई


१६ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुला न विचारता एक गोष्ट केली. तुझं शून्याचं भांडण वर्गात वाचून दाखवलं. विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस.

आकडे फळ्यावर लिहिले आणि विचारलं, बाळ चढलं का उतरलं? दोघं सोडून सगळा वर्ग तुझ्या बाजूचा. ज्यांना परवा मी पैकीच्या पैकी दिले तेसुद्धा. एक मुलगी आहे, प्रत्येक गोष्टीत वाद घालते म्हणून आम्ही तिला वकीलबाई म्हणतो. ती उठून म्हणाली, आजींचं बरोबर आहे, शून्य कुठून आणलं ते तुम्ही आम्हालाही सांगितलं नव्हतं. मी खडू खाली ठेवला. मग सगळ्यांना मैदानावर नेलं आणि वाळू भरायला लावली.

तूही हेच कर. एक थैली भर एका किलोची. मग शंभर शंभर ग्रॅमच्या पुरचुंड्या बांध, आणि दहा दहा ग्रॅमच्या बारक्या पुड्या. दहा पुड्या म्हणजे एक पुरचुंडी, दहा पुरचुंड्या म्हणजे एक थैली. आता टिंबाच्या अलीकडचं घर थैल्यांचं. पलीकडचं पहिलं घर पुरचुंड्यांचं, त्याच्या पुढचं पुड्यांचं. ज्या घरात आकडा बसला त्या घरातली वस्तू मोजायची. टिंबानंतर पासष्ट असं म्हणूच नकोस. सहा, पाच म्हण. मग १.६५ आणि १.७ बांधून दोन हातांत धर.

आणि तुझं शून्य. सात वारांपुढे शून्य लावलंस की साताला आपलं घर सोडून शेजारच्या मोठ्या घरात जावं लागतं, म्हणून तो वाढतो. टिंबानंतरच्या साताच्या पुढे शून्य लावलं तर कुणालाच घर सोडावं लागत नाही. शून्य एवढंच सांगतं, की पुड्यांच्या घरात कुणी नाही. हे वाक्य माझं नाही, वकीलबाईचं आहे. तुझं पत्र आलं नसतं तर मी ते तिच्याकडून कधीच ऐकलं नसतं. ताई, मी तुझी ऋणी आधीही होते, आता वर्गासकट आहे.

मुलं रोज सकाळी बाळाचं वजन विचारतात. आज एकाने विचारलं, आजींनी बाळाच्या आईला सांगितलं का? मी म्हटलं, अजून नाही. वर्गाचा निरोप एवढाच आहे, सांगा.

आता तुझा लोभ आम्हा सगळ्यांना पुरव.

तुझी धाकटी


२० सप्टेंबर

चि. धाकटीस, आणि तुझ्या वर्गालाही,

आशीर्वाद. वाटून घ्या, भांडू नका. वकीलबाईला दोन जास्त दे.

तुझं पत्र आलं तसं दुकानातल्या चिंध्या गोळा केल्या आणि पिशव्या शिवल्या. एक मोठी, मग मधल्या, मग बारक्या. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले आणि म्हटलं, तराजू मोकळा कर, यांत मीठ भरून दे. त्याने विचारलं, मोजायचंय काय? मी म्हटलं, नात. तो माझ्याकडे बघतच राहिला, पण भरून दिलं. मग त्यानेच आपणहून एका पारड्यात मधली एक टाकली आणि दुसऱ्यात दहा बारक्या. काटा मधोमध उभा.

तिथेच त्याच्या फळकुटावर मी वजनं मांडली. इकडे थैली, सहा मधल्या, पाच बारक्या. तिकडे थैली आणि सात मधल्या. आणि दिसलं. पासष्ट होते ते बारक्यांचे होते, सात होते ते मधल्यांचे. मी दोन्ही एकाच ढिगात ओतले होते. सात वारांपेक्षा पासष्ट इंच जास्त म्हणावेत तसं. कुठल्या कारागिराने असं केलं असतं तर मी त्याला दुकानात उभं केलं नसतं. वाण्याला म्हटलं, चढतेय रे. त्याला काय कळलं कोण जाणे, म्हणाला, चांगलं झालं.

दवाखान्यात पोचले तर फळ्यावर १.९. आदल्या खेपेला १.८६ होतं. नऊ मधल्या. मी पुन्हा पुन्हा बघितलं, भीती वाटली नाही.

लेक भिंतीकडेच तोंड करून होती. मला गोल गोल बोलता येत नाही. म्हटलं, मी चुकीचं वाचत होते. ती उतरलेली नाही, कधीच नाही. ती वळली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि पहिल्यांदा आकडा विचारला. मी सांगितला. आधीचा विचारला, तोही सांगितला. मग म्हणाली, आई, तू नऊला शहाऐंशीपेक्षा कमी धरलं असतंस? मी म्हटलं, धरलं असतं, मला टिंब शिकवायला कुणी नव्हतं. आधी तिला राग आला. आकडे मी नको म्हटलं, पण तू तरी जबरदस्तीने सांगायचेस, असं म्हणाली. ते खरं आहे, मी ऐकून घेतलं. मग तिला हसू फुटलं. टाक्यांवर हात दाबून धरला आणि हसत राहिली, हसता हसता रडली, आणि मी पदर पुढे केला तर त्याला नाकच पुसलं. पिशव्या मी ओळीने खाटेवर मांडल्या. तिला त्यांची गरज नव्हती, शिकलेली आहे ती, पण तिने सगळ्या उचलून बघितल्या. नऊ मधल्या मांडीवर घेऊन बराच वेळ बसली.

मग विचारलं, माझ्या चपला कुठे आहेत.

माझ्या खांद्यावर भार देऊन हळूहळू चालत आली. दारात नर्सबाईंनी हात धुवायला सांगितलं. त्यांना मी म्हटलं, त्या दिवशीचं बोलणं मी परत घेते. त्या म्हणाल्या, आज्या असंच बोलतात, ज्या बोलत नाहीत त्यांचीच मला काळजी वाटते. भली बाई आहे. इतके दिवस माझ्या नातीला थेंब थेंब दूध पाजत होती आणि मी तिच्यावर डाफरत होते. तिच्यासाठी एक पोलकं बेतायला घेतलंय. नको म्हणाली, मी ऐकणार नाही.

आत गेलो. सवयीने मी काचेला नाक लावून उभी राहिले आणि तिला एकेक दाखवायला लागले, ही बोटं बघ, हा कान बघ, आता कातडी जरा अंगाबरोबर आलीय. बोलतच होते. ती मागून म्हणाली, "आई, सरक. मला दिसत नाहीये."

मी सरकले.

तुझा आणि तुझ्या पोरांचा मला लळा लागलाय, तो तुम्हीही सुटू देऊ नका.

तुझी ताई